लग्नानंतरचा पहिला प्रवास
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय फळ्यावर वाचून तरुण मुलींनी माना खाली घातल्या आणि आपल्यापैकी काहींनी पदराआड हसून घेतले. मधुचंद्र हा काय सभेत बोलण्याचा विषय आहे, असे एखादीच्या मनात आले असेल तर मी तिला दोष देणार नाही. पण बायांनो, मांडवात किती पंगती उठतील, आहेराच्या यादीत कोणाचे नाव राहिले, बॅंड कुठला आणावा, यावर आपण महिना-महिना खल करतो. आणि ज्या दोघांसाठी हा सारा खटाटोप, त्यांनी लग्नानंतरचे पहिले चार मोकळे दिवस कुठे आणि कसे घालवावेत, हे मात्र कोणाच्या तरी मित्राने सुचवावे आणि मोबाइलवरच्या चार चित्रांनी ठरवावे, अशी रीत पडत चालली आहे. म्हणून हा विषय मंडळात निघाला हे बरेच झाले.

मधुचंद्र हा शब्द आपला जुना नव्हे. इंग्रजीतल्या ‘हनिमून’ या शब्दाचे ते मराठी रूप. इंग्रजीत तो सोळाव्या शतकापासून आढळतो, आणि गंमत अशी की मुळात त्यात गाव, डोंगर किंवा हॉटेल काहीच नव्हते. लग्नानंतरचा गोडीचा पहिला महिना, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे तो काळ होता, ठिकाण नव्हते. त्याला प्रवास मागाहून जोडला गेला. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुष्कळ घोटाळे टळतील. आपल्याला मुळात वेळ निवडायचा आहे. ठिकाण हे त्या वेळेसाठी आहे.

आपल्याकडेही लग्नानंतरचा प्रवास होताच. हळद उतरायच्या आत जोड्याने कुलदैवताला जाऊन यायचे. कोणाची माहूरची रेणुका, कोणाची तुळजापूरची भवानी, कोणाचा जेजुरीचा खंडोबा. जेजुरीला तर नवरदेवाने नवरीला उचलून काही पायऱ्या चढण्याची रीत आहे. घरात चारचौघांसमोर जे वडीलधाऱ्यांनी चालू दिले नसते, तेच देवाच्या पायऱ्यांवर त्यांनी कौतुकाने करवून घेतले! आपले पूर्वज अगदीच अरसिक होते असे समजू नये.

परंतु हेही खरे की कुलदैवताला जीपगाडी भरून निघते. सासूबाई, सासरे, नणंद, तिची दोन मुले, आणि मागच्या बाकावर नवी नवरी डोक्यावरचा पदर सावरीत. दर्शन होते, ओटी भरली जाते, गाडी परत फिरते. आणि त्या दोघांचे एकमेकांशी चार शब्दही झालेले नसतात. कुलदैवताचे दर्शन हा कुळाचा प्रवास आहे, तो अवश्य करावा. दोघांचा प्रवास निराळा. एकाने दुसरे भागत नाही.

आता या दोघांच्या प्रवासाला काय हवे? आपल्या भागात बहुतेक लग्ने पाहून-दाखवूनच होतात. मुलगा-मुलगी दोन-तीनदा भेटलेली, फोनवर थोडे बोललेली. म्हणजे खरे पाहता ती एकमेकांना अनोळखीच. अशा दोघांना एका खोलीत समोरासमोर बसवून ‘आता बोला’ म्हटले तर काय बोलणार? आपलेच उदाहरण घ्या. आपण मुद्दाम बसून मनातले कधी बोलत नाही. पण उन्हाळ्यात पापड लाटायला चौघी जमलो की हात कामात असतात, नजर पोळपाटावर असते, आणि सगळे सुखदुःख आपोआप बाहेर येते. नव्या जोडप्यालाही असेच काहीतरी दोघांच्या मध्ये लागते. एखादे लेणे, एखादे देऊळ, एखादा किल्ला दोघे मिळून पाहतात, त्याला एक आवडते, तिला दुसरे आवडते, आणि त्यातून एकमेकांची आवड कळत जाते. नवरा पुजाऱ्याशी कसा बोलतो, बायको थकली तर सांगते की सोसते, हेही तिथेच कळते.

पण नुसते पाहणेही कामाचे नाही. सहा दिवसांत अकरा गावे करून जोडपी परत येतात तेव्हा पाय सुजलेले, बॅगा मळलेल्या, आणि गाडी चुकल्यावरून झालेले पहिले भांडण बरोबर आणलेले. उलट नुसता आराम करायला गेले तर तिसऱ्या दिवशी दोघेही आपापला मोबाइल घेऊन पाठमोरी बसतात. तेव्हा माझे सांगणे एवढेच, की ठिकाण निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात: दोघांनी मिळून पाहण्यासारखे काही आहे का, आणि पाहून झाल्यावर निवांत बसायला जागा आहे का. दिवसाला एकच मोठे ठिकाण. ते ऊन चढायच्या आत पाहून घ्यावे आणि दुपारपासून दिवस मोकळा ठेवावा. चार-पाच दिवसांत दोनपेक्षा अधिक मुक्काम बदलू नयेत. या मापाने मोजले की कुठले गाव बरे ते आपोआप ठरते. काही उदाहरणे सांगते.

पहिले आपल्या मराठवाड्यातलेच. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे 2023 पर्यंतचे औरंगाबाद, येथून वेरूळ सुमारे 30 किलोमीटर आहे. वेरूळला 34 लेणी आहेत: 12 बौद्ध, 17 हिंदू आणि 5 जैन. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात एका अखंड कातळातून वरून खाली कोरीत आणले. ते सर्वांना ठाऊक असते. पण नव्या जोडप्याने एकविसावे, रामेश्वर नावाचे लेणे चुकवू नये. तिथे शिवपार्वतीचा विवाह कोरलेला आहे, आणि सारीपाट खेळत बसलेली शिवपार्वतीही आहेत. पाहा, शिल्पकारालाही लग्न कोरून झाल्यावर दोघांना निवांत खेळत बसवावेसे वाटले! सकाळी लेणी पाहावीत, जवळच घृष्णेश्वराचे दर्शन घ्यावे, आणि मग खुलताबादेवरून म्हैसमाळच्या डोंगरावर जावे. तिथे गिरिजादेवीचे देऊळ आहे, मोकळा वारा आहे, आणि पावसानंतर गेले तर सगळा डोंगर हिरवा असतो. पाहणे आणि बसणे, दोन्ही एकाच दिवसाच्या अंतरात.

अजिंठा मात्र त्याच दिवशी करायला जाऊ नये. ती लेणी संभाजीनगरापासून शंभरेक किलोमीटरवर, दुसऱ्या दिशेला आहेत. त्यांना वेगळा दिवस द्यावा. वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर ती कोरलेली आहेत. शतकानुशतके ती रानात दडून होती, आणि 1819 साली शिकारीला आलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली तेव्हा बाहेरच्या जगाला कळली. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आणि सतराव्या लेण्यातली चित्रे पाहताना घाई करू नये. आत उजेड मंद असतो. डोळे सरावायला वेळ लागतो, आणि सरावले की एकेक चेहरा पुढे येतो. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. हे ठाऊक नसल्याने दारातून परतलेली माणसे थोडी नाहीत.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. अंबाबाईचे दर्शन म्हटले की घरची वडीलधारी मंडळी खुशीने हो म्हणतात. दर्शन घेऊन, संध्याकाळी रंकाळ्यावर बसून, दुसऱ्या दिवशी पन्हाळ्यावर मुक्कामाला जावे. अंतर सुमारे 20 किलोमीटर. 1660 साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज भर पावसात याच गडावरून निसटले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड लढविली, हे आपण शाळेत शिकलो. ते तिथे उभे राहून पाहण्यात निराळे समाधान आहे. गडावर हवा थंड, चालण्याजोगे रस्ते, आणि बघण्याची ठिकाणे पायी फिरण्याइतकी जवळ. देव, इतिहास आणि विसावा असा त्रिवेणी योग याहून सोपा सापडणार नाही.

तिसरे समुद्राचे. आपण धरणाकाठची माणसे. 1968 साली पूर्णेवरचे आपले धरण पूर्ण झाले तेव्हापासून अथांग पाणी आपल्या दारात आहे. तरी समुद्राची भरती-ओहोटी पाहण्याची हौस मराठवाड्याच्या मुलीला असतेच. तिने गणपतीपुळ्याला जावे. देऊळ अगदी किनाऱ्यावर, आणि प्रदक्षिणा घालायची ती साऱ्या टेकडीला. जवळच मालगुंड हे कवी केशवसुतांचे जन्मगाव. त्यांच्या घरी स्मारक केलेले आहे. शाळेत ज्याची कविता पाठ केली त्याचे कौलारू घर, माजघर, अंगण पाहून यावे, आणि संध्याकाळी वाळूत बसावे. मात्र तिथल्या पाण्यात पोहायला उतरू नये. धरणाचे पाणी आणि समुद्राची ओढ यांत फार अंतर आहे. गोव्याला जाणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे आहे. 1961 साली मुक्त झालेल्या त्या भूमीत नुसते किनारे नाहीत. मंगेशी आणि शांतादुर्गेची देवळे आहेत, तिथले तलाव आणि दीपस्तंभ आहेत, जुन्या गोव्यातले भव्य चर्च आहे. सकाळ देवळाला आणि संध्याकाळ किनाऱ्याला दिली, तर गोव्यासारखे गाव नाही.

महाबळेश्वराचे नाव मी मुद्दाम मागे ठेवले, कारण ते सर्वांच्या तोंडी आधी येते. गाव वाईट नाही. जुन्या क्षेत्र महाबळेश्वरी कृष्णेचे उगमस्थान मानलेले देऊळ आहे, जवळच 1656 साली बांधून झालेला प्रतापगड आहे. पण मे महिन्यात तिथे इतकी गर्दी होते की निवांतपणा शोधावा लागतो. गाडीवाला दिवसाला बारा ‘पॉइंट’ दाखवितो, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे. फोटो काढला की चला. जायचेच तर गर्दीचे दिवस टाळावेत आणि बारांतले चारच पॉइंट निवडावेत.

आता कोणी म्हणेल, बाई, आमच्या घरी एवढ्या लांब जाण्याची ऐपत नाही. तर मग जवळ पाहू या. लोणार आपल्यापासून दूर नाही. उल्का आदळून काळ्या कातळात झालेले ते विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. त्यातले खारे पाणी 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झाले तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला होता असे शास्त्रज्ञांनी तपासून सांगितले. विवराच्या काठी जुनी देवळे आहेत, गावात दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर आहे. आपल्याच तालुक्यात चारठाण्याची प्राचीन मंदिरे आहेत. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे. नामदेवांसाठी देऊळ फिरले ही कथा आपण कीर्तनात ऐकतो, पण देवळाच्या भिंतींवरचे शिल्प किती जणींनी सावकाश पाहिले आहे? सकाळी औंढा, संध्याकाळी आपलाच धरणाकाठ, असा एक दिवस नीट घालविला तर तोही मधुचंद्रच. शिवाय 2023 च्या मार्चपासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे तिकीट आहे.

ठिकाणाइतकाच महत्त्वाचा प्रश्न केव्हा जावे हा. आपल्याकडे लग्ने उन्हाळ्यात. वैशाखाच्या उन्हात पारा चाळिशीच्या वर जातो. त्या उन्हात दुपारी लेण्यांच्या पायऱ्या चढणे म्हणजे शिक्षाच. लगेच पुढे मृगाची पेरणी, मग आषाढात मुलगी माहेरी, मग सणवार. म्हणून माझी सूचना अशी, की शेतकरी घरात लग्नानंतर लगेच कुलदैवत करावे, आणि दोघांचा प्रवास दिवाळसणानंतर, रब्बीची पेरणी उरकून हुरड्याचे दिवस येईपर्यंत जी सवड मिळते त्या थंडीत करावा. तोवर लग्नाच्या खर्चाचा हिशोब लागलेला असतो, दोघांची भीड मोडलेली असते, आणि ठिकाण दोघांना मिळून ठरविता येते. ‘तोवर पाळणा हलण्याची वेळ आली तर?’ असे एक आजीबाई विचारतील. तर आजी, पाळणा कधी हलवायचा हेही त्या दोघांनाच ठरवू द्या! नोकरीवाल्यांना लग्नाचीच रजा मिळते. त्यांनी उन्हाळ्यात गेले तरी चालेल, पण मग डोंगर निवडावा, लेणी हिवाळ्यासाठी ठेवावीत.

आता जे बोलायचे ते थोडे कडू आहे. या प्रवासाचा खर्च मुलीच्या बापाने करावा, असे बैठकीत हळूच सुचविले जाते. ‘हुंडा नको, पण पोरांना जरा फिरायला पाठवा,’ असे गोड शब्दांत सांगतात. बायांनो, नाव बदलले म्हणून वस्तू बदलत नाही. हुंडाबंदीचा कायदा 1961 साली झाला. हे मागणे त्या कायद्याच्या पोटातच येते. ज्या प्रवासाच्या तिकिटासाठी बापाने बियाण्याचे पैसे मोडले, त्या प्रवासात मुलीला समुद्र कसा गोड लागेल? ऋण काढून सण करू नये असे आपण म्हणतो. दुसऱ्याला ऋण काढायला लावून तर मुळीच करू नये. ज्यांचा प्रवास त्यांनी तो आपल्या पैशांत बसवावा. पाच दिवसांचे पैसे नसतील तर दोन दिवस जावे.

आणि ठरविताना मुलीला विचारावे. हे सांगावे लागते हीच खेदाची गोष्ट, पण नवऱ्या मुलाने तिकिटे काढून आणायची आणि मुलीने बॅग भरायची, असेच पुष्कळदा होते. तिला गाडी लागते का, डोंगर चढवतो का, पाण्याची भीती आहे का, हे कोणी विचारीत नाही. तिच्या पाळीच्या तारखाही कोणी विचारीत नाही. मग ती परक्या गावी देवळाबाहेर चपला सांभाळीत बसते. सोपा उपाय सांगते. दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहाव्यात: मला काय पाहायचे आहे, मला कशाने थकवा येतो, आणि मला काय मुळीच नको. चिठ्ठ्या शेजारी ठेवून जागा निवडावी. शिवाय मुलीच्या पर्समध्ये तिचे स्वतःचे थोडे पैसे, तिचे ओळखपत्र आणि उतरायच्या जागेचा पत्ता असावा. घरी परतायचा रस्ता दोघांनाही माहीत असला पाहिजे. एकट्या नवऱ्यालाच नव्हे.

शेवटी आपल्याविषयी, म्हणजे आयांविषयी आणि सासवांविषयी. पूर्वी मुलीबरोबर सासरी पाठराखीण जात असे. नवख्या घरात तिला आधार असावा हा त्यातला हेतू. या प्रवासात मात्र पाठराखीण नको. आणि दर तासाला वाजणारा फोन हीसुद्धा पाठराखीणच आहे. पोहोचल्याचा एक फोन, रात्री एक, पुरे. परतल्यावर ‘आमच्यासाठी काय आणले’ हा पहिला प्रश्न विचारू नये. ‘काय पाहिलेत, सांगा’ असे विचारावे, आणि सुनेला आधी बोलू द्यावे. लेणे कसे दिसले हे ती घरात सर्वांसमोर मोकळेपणाने सांगू लागली, तर घर तिचे होऊ लागले असे समजा.

मंडळाला माझी एक विनंती आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी कुठे ना कुठे जाऊन आल्या आहेत. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोघी-तिघींनी आपण पाहिलेल्या गावाची माहिती सांगावी: कसे गेलो, कुठे उतरलो, खर्च किती आला, काय पाहण्यासारखे आहे, काय टाळावे. मंडळाच्या वहीत ती लिहून ठेवावी. आपल्या गावच्या लग्न ठरलेल्या मुलीला ती वही चाळायला द्यावी. तिळगुळाबरोबर एवढी भेट दिली तर तिचा पहिला प्रवास कोणी तिसऱ्याने ठरविलेला राहणार नाही, दोघांचा होईल.